विनी टॅपस्कॉटच्या पाठीवरचा झेंडा

लाइम स्ट्रीटवर भरदिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले दिसले की समजायचं, घरात कोणीतरी गेलं. दुसरं कारण कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात बावीस नंबरचे पडदे सलग चार दिवस बंद राहिले, तेव्हा सगळ्या गल्लीची पंचाईत झाली. बावीस नंबरात विनिफ्रेड टॅपस्कॉट एकटीच राहायची. म्हणजे गेलीच असेल तर तीच. पण ती तर रोज सकाळी नऊच्या ठोक्याला खाटकाच्या दुकानात दिसायची, डोक्यावर टोपी, ओठांना लाली आणि नजर तराजूच्या काट्यावर.

समोरच्या एकोणीस नंबरातल्या एडना चगला हे सोसेना. पहिल्या दिवशी ती कपभर साखर उसनी मागायला आली. दुसऱ्या दिवशी ती परत करायला आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काल दिलेली दोन चमचे जास्तच झाली गं, तेवढी दे परत." तिन्ही वेळा विनीने दार जेमतेम नाकापुरतं उघडलं आणि मागून पायाने अडवून धरलं.

चौथ्या दिवशी एडनाने सरळ दारातल्या पत्रपेटीच्या फटीला तोंड लावलं. "विने! मेली नाहीस ना?"

"मेले असते तर तुला सगळ्यात आधी कळवलं असतं," आतून आवाज आला.

"मग पडदे का ओढलेस? गल्ली काय काय बोलतेय. कोणी म्हणतं, तू माणूस ठेवलायस."

"खरंच? कोणता?"

"ते कोणाला सुचत नाहीये. तिथंच गाडं अडलंय."

विनी बासष्ट वर्षांची. नवरा रेज नऊ वर्षांपूर्वी वारला. शेजारच्या गावातल्या रेनकोटच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं कॉलर बसवल्या. बाह्या दुसरीकडे, बटणं तिसरीकडे, विनीकडे फक्त कॉलर. आपल्या गावच्या, म्हणजे हॅलस्टनच्या, धक्क्यावर पावसात पाठमोरी माणसं चालली की ती मान वाकडी करून बघायची आणि हळूच म्हणायची, "ही माझी. ही नाही. ही माझी, पण त्या दिवशी डोकं दुखत होतं." प्रत्येक कॉलरीच्या आत चिठ्ठी असायची ती कंपनीच्या नावाची. विनीचं नाव कुठंच नाही. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही, पण निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, तेव्हा तिने ते घरी नेऊन संडासात लावलं.

कपड्यांचा तिला नाद होता आणि त्यातही एक खास खोड होती. देशाचा कुठलाही सण असला की बाई अंगावर लाल, पांढरा आणि निळा आणणारच. पण इतरांसारखा नाही. इतर बायका छातीवर फुलाएवढी फीत लावायच्या, टोपीत कागदी झेंडी खोचायच्या आणि चालताबोलता केक दिसायच्या. विनीचं म्हणणं असं, की अंगावरची एकच गोष्ट ओरडली पाहिजे. कोट ओरडत असेल तर बुटांनी गप्प बसावं. राणीच्या राज्याभिषेकाला ती साध्या राखाडी पोशाखात आली होती. बायका कुजबुजल्या, "हिला झालंय काय?" मग गावच्या मिरवणुकीतली घोडागाडी निघाली, विनीने हात वर केला, आणि तिच्या राखाडी हातमोज्यांचे तळवे तिरंगी निघाले. त्या दिवशी घोडागाडीपेक्षा तिच्या हाताकडे बघणारेच जास्त होते, असं अजून सांगतात.

आता राणीच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं होत होती. जूनमध्ये गावभर मिरवणूक, मग रस्त्यात टेबलं मांडून चहा. एडनाने फटीतून एवढा पिच्छा पुरवला, की पाचव्या दिवशी विनीने दार उघडलं.

"ये. पण कोणाला सांगशील तर बघ."

"माझ्या पोटात राहतं गं सगळं."

"तुझ्या पोटात केक राहतो. तेवढाच."

पुढच्या खोलीत शिवणाच्या पुतळ्यावर एक कोट होता. एडनाने समोरून पाहिला आणि तिचा चेहरा पडला. गर्द निळा, गुडघ्यापर्यंत, पितळी बटणं, कडेला दोऱ्याएवढा लाल गोट. चांगला होता, पण चार दिवस पडदे ओढण्याजोगा नव्हता.

"छान आहे," एडना म्हणाली. ओळखीच्या मयताबद्दल बोलतात तशा स्वरात.

विनीने पुतळा फिरवला.

पाठ म्हणजे अख्खा झेंडा होता. छापील नव्हे, जहाजावर लावतात तो, लोकरीच्या कापडाच्या पट्ट्या जोडून शिवलेला. बंदरावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत तिला तो मिळाला होता. कुठल्याशा क्लबच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेला होता म्हणे, त्यामुळे एका बाजूचा रंग उन्हाने उडालेला आणि भिंतीकडची बाजू मात्र काल रंगवल्यासारखी ताजी. तिने ताजी बाजू बाहेर घेतली होती. उभा लाल पट्टा बरोबर पाठीच्या कण्यावर. दोन्ही बाजूंना एकेक खोल चुणी, तीही झेंड्याच्या मूळ शिवणीतच लपवलेली. उभं राहिलं की पाठ अरुंद आणि सोज्वळ. पाऊल टाकलं की चुण्या उघडतात आणि झेंडा फडकतो. वाराबिरा काही लागत नाही.

एडना बराच वेळ बोलली नाही. असं यापूर्वी एकदाच झालं होतं, दात काढल्यावर.

"विने," ती शेवटी म्हणाली, "येताना बाई आणि जाताना बातमी."

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या कमिटीच्या अध्यक्षा मिसेस हॅनफर्ड स्वतः दारात हजर झाल्या. कोट बघून त्या दोनदा खाली बसल्या. मिरवणुकीच्या अगदी पुढे, बँडच्याही पुढे, एकट्या बाईने चालायचं असतं. ती जागा त्यांनी खरं तर भाची क्लॅरिसासाठी राखून ठेवली होती. क्लॅरिसाने लंडनहून झेंडा छापलेला आखूड झगा आणला होता. विनी त्याला "चहाच्या टॉवेलाला लावलेल्या बाह्या" म्हणायची. पण कोट बघितल्यावर मिसेस हॅनफर्डचं मन फिरलं. "पुढे तुम्हीच चालायचं, मिसेस टॅपस्कॉट," त्या म्हणाल्या.

विनीने दार लावलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. एकतीस वर्षं तिचं काम दुसऱ्यांच्या मानेवर बसून तिच्यापासून लांब लांब गेलं होतं. आता एक मैलभर सगळं गाव तिच्या मागून चालणार होतं आणि तिची शिवण बघत राहणार होतं. एवढंच तिला हवं होतं. फार नव्हतं, पण ते एवढंच होतं.

आता यात मिस्टर ग्रिबल येतात.

हर्बर्ट ग्रिबल बावीस वर्षं आरमारात निशाणं चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते. सव्वासहा फूट उंच, खराट्याच्या दांड्यासारखे सडसडीत, बायको नाही, मांजर नाही. त्या वर्षी गावाने खिडक्याखिडक्यांत झेंडे लावले आणि ग्रिबलांची झोप उडाली. कारण अर्धं गाव झेंडा उलटा लावतं. हे तिथल्या लोकांचं जुनंच आहे. झेंड्यासाठी जीव देतील, पण त्याची वरची बाजू कोणती ते विचारलं तर टोपी खाजवतील. त्यातली मेख अशी: तिरका लाल पट्टा पांढऱ्याच्या बरोबर मधून जात नाही. एका बाजूला पांढरं रुंद उरतं, दुसऱ्या बाजूला अरुंद. काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात रुंद पांढरं लालच्या वर असलं पाहिजे. नसलं तर झेंडा उलटा. आणि समुद्रावर उलट्या झेंड्याचा अर्थ एकच, जहाज संकटात आहे, धावा.

ग्रिबल वही घेऊन दारोदार फिरायचे. खाटकाच्या दारात थांबून त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "बुडताय का हो?"

"अजून नाही, लाडके," खाटीक म्हणाला. हॅलस्टनमध्ये खाटीक सगळ्यांनाच लाडके म्हणतो, सव्वासहा फुटी नाविकांनासुद्धा. "पण तुम्ही दारात असे उभे राहिलात तर गिऱ्हाईक येणार नाही, मग बुडेन."

तरी तो शिडीवर चढला. एकदा नव्हे, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याने पुन्हा उलटाच लावला.

कमिटीने ठरवलं होतं की मिरवणुकीतला प्रत्येक झेंडा आधी ग्रिबल बघतील. मिरवणूक मंगळवारी होती; आधीच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तपासणी झाली. विनीने कोट घालून चार पावलं टाकली. चुण्या उघडल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी "आई गं" म्हटलं. ग्रिबलांनी चष्मा चढवला, वाकले, तिच्या डाव्या खांद्याकडे बघितलं, मग सरळ झाले.

"मिसेस टॅपस्कॉट," ते म्हणाले, "तुम्ही बुडताय."

"काय?"

"उलटा आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात रुंद पांढरं हवं. अरुंद आहे. असा कोट बँडच्या पुढे चालला तर गावाची शोभा होईल. मी सही करणार नाही."

मिसेस हॅनफर्डनी घसा साफ केला. "सोमवारी दुपारी बारापर्यंत सरळ करता आला तर बघा," त्या हळू म्हणाल्या. "नाहीतर मग... क्लॅरिसा आहेच."

क्लॅरिसा मागे च्युइंगगम चघळत होती. ती हसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

विनी घरी आली, कोट पुतळ्यावर चढवला आणि समोर बसली. उसवणं शक्य नव्हतं. जुनी लोकर, सुई पुन्हा घातली तर भोकं पडली असती. उलटवून लावावा तर उडालेल्या रंगाची बाजू बाहेर. रविवारी एडना चहा घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, विनी रडत असेल. विनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर झेंडा छापलेला पुसायचा टॉवेल पसरून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होती.

"विने, डोकं फिरलं का?"

"माझं नाही, टॉवेल फिरवतेय. इकडे ये. हा बघ वरचा डावा कोपरा. रुंद पांढरं वर आहे ना?"

"आहे."

"आता मी याची वरची बाजू खाली करते." तिने टॉवेल टेबलावर अर्धा फिरवला. "आता बघ वरचा डावा कोपरा."

एडनाने बघितलं. वाकून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. "रुंदच आहे वर."

"म्हणजे डोक्यावर उभा केला तरी हा उलटा होत नाही! कसाही फिरव, तसाच. मग उलटा होतो कसा?"

"मला काय विचारतेस? मी इथं चहा द्यायला आले."

"कप ठेव. टॉवेल धर. खिडकीशी उभी राहा, उजेडात. हात वर. नाही गं, कपडे वाळत घालतेस तशी नको धरूस."

एडना टॉवेल धरून उभी राहिली आणि विनी तिच्या पुढे-मागे फिरत राहिली. पुढून बघायची, "हं." मागून बघायची, "अस्सं." एडनाचे हात भरून आले. तिच्या स्वतःच्या खिडकीतून तिचा नवरा हे सगळं बघत होता आणि त्याने पुढे अनेक वर्षं याचा उल्लेख केला.

"मागून मुद्दाम बघ," विनी म्हणाली. "माझ्या कोटावर जसं आहे, अगदी तसं दिसतंय. आरशातल्यासारखं."

"कारण तू मागची बाजू बाहेर घेतलीस."

"हो. पण झेंडा काठीवर असतो तेव्हा रस्त्याच्या या बाजूची माणसं पुढून बघतात, त्या बाजूची मागून. त्या बाजूची माणसं काय, उलटा झेंडा बघत असतात?"

एडनाने टॉवेल खाली केला. "नाही... त्यांना काठी दुसऱ्या हाताला दिसते."

विनीने टॉवेल तिच्या हातातून काढून घेतला.

"एडने, टोपी घाल."

ग्रिबलांचं घर धक्क्याच्या टोकाला. अंगणात गवत कमी आणि पांढरी काठी मोठी, तिच्यावर झेंडा, अर्थातच बिनचूक. रविवारची चर्चची वेळ संपली होती आणि ग्रिबल एकटेच उभे राहून सार्डिनचं सँडविच खात होते. दोन बायका फाटकातून येताना दिसल्या तशी त्यांनी सँडविच पाठीमागे लपवलं.

"मिस्टर ग्रिबल," विनी म्हणाली, "मला एकच सांगा. माझ्या अंगावर काठी कुठंय?"

"काय म्हणालात?"

"काठी. तुम्ही म्हणालात, काठीजवळच्या कोपऱ्यात रुंद पांढरं हवं. तर माझी काठी कुठली?"

"पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला धरतात. चित्रात तसंच असतं."

"मी चित्र आहे का?"

ग्रिबलांनी तोंड उघडलं. एडना मागून म्हणाली, "'नाही' म्हणा हो पटकन, नाहीतर आज घरी जात नाही ही."

विनी काठीशी गेली, पाठ ग्रिबलांकडे केली, उजवा खांदा काठीला टेकवला आणि एक पाऊल पुढे टाकून थांबली. चुण्या उघडल्या. वर काठीवर खरा झेंडा होता. वारा त्याला डावीकडे, समुद्राच्या दिशेने नेत होता, म्हणजे ग्रिबलांच्या बाजूने त्याची मागची बाजू दिसत होती, काठी उजवीकडे. खाली विनीच्या पाठीवर दुसरा. काठी उजवीकडे. वरच्या उजव्या कोपऱ्यात रुंद पांढरं, वर आणि खालीही. पट्ट्याला पट्टा.

ग्रिबल वर बघत, खाली बघत, पुन्हा वर बघत. मग ते फाटकापर्यंत गेले आणि तिथून बघून आले. मग खिशातली वही काढली आणि बराच वेळ काही न लिहिता धरून ठेवली. बावीस वर्षं समुद्रावर आणि तीन आठवडे गावात त्यांनी लोकांच्या चुका पकडल्या होत्या. कोणी घरी येऊन त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांना बघून माणसं शिडी आणायची, प्रश्न नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. शब्द मोजून दिल्यासारखे. "काठी तुमच्या उजव्या हाताला असेल तर झेंडा सरळ आहे. पूर्ण सरळ."

एडनाने टाळी वाजवली.

"पण," ग्रिबल म्हणाले.

"आलाच का पण!" एडना म्हणाली.

"मिरवणुकीत तुम्ही रस्त्यात चालणार. तिथं तुमच्या उजवीकडे काठी नसेल. काठी नसली की पाहणारा आपल्या डावीकडे काठी धरतो. माणसाची सवय आहे. मग तुम्ही पुन्हा बुडालात. मला सही करता यायची नाही."

विनी काठीपासून बाजूला झाली. कपाळाला आठी पडलेली. तिने काठीकडे पाहिलं. उंच, सडसडीत, पांढरी. मग तिने ग्रिबलांकडे पाहिलं. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचे. पुन्हा काठीकडे. एडनाचीही नजर तिच्या नजरेमागून तशीच गेली आणि तिने तोंडावर हात दाबला.

"मिस्टर ग्रिबल," विनी म्हणाली, "मंगळवारी सकाळी तुम्हाला काय काम आहे?"

"मी तर... कडेला उभा राहून तपासणार."

"कडेला राहून काय दिसतंय? माझ्या उजव्या हाताला चाला. ताठ. एक मैल. जमेल?"

"मी कधी मिरवणुकीत चाललो नाही," ग्रिबल म्हणाले. सँडविच अजून पाठीमागेच होतं.

"चालायचं कुठं सांगतेय? काठीला चालावं लागत नाही. माझ्याबरोबर सरकायचं फक्त."

सोमवारी अकरा वाजता, बाराची वाट न बघता, ग्रिबलांनी कमिटीच्या कागदावर सही केली. खाली कंसात लिहिलं: "काठीसह." मिसेस हॅनफर्डनी ते तीनदा वाचलं आणि काहीच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ग्रिबलांनी समजावून सांगितलं असतं.

मंगळवारी आभाळ भरलेलं होतं आणि खाडीवरून गार वारा येत होता. चर्चच्या फाटकाशी बँड उभा राहिला. त्याच्या पुढे विनी, निळा कोट, काळे साधे बूट, बाकी काही नाही. तिच्या उजवीकडे, दीड हात अंतरावर, जुना आरमारी कोट घातलेले ग्रिबल, हनुवटी वर, हात बाजूला चिकटलेले. गल्लीतल्या बायका समोरून बघत होत्या तोवर एकमेकींना कोपरं मारत होत्या. "अगं, माणूस ठेवलाय म्हणतात तो हाच की काय?" "चार दिवस पडदे ओढून हा सापडला?" "लांबीला पुरेसा आहे."

मग ड्रम वाजला, विनीने पाऊल टाकलं, आणि ती पुढे गेली तशी मागची माणसं गप्प होत गेली. समोरून कुजबूज आणि पाठीमागून शांतता, असा तो मैल गेला. प्रत्येक पावलाला चुण्या उघडायच्या आणि मिटायच्या. खाटकाच्या दुकानाशी एक अनोळखी म्हातारा, छातीवर पदकं लावलेला, फुटपाथवरून एकदम ओरडला, "ए बाई! झेंडा उलटा आहे तुझा!"

विनी दचकली. पाऊल अडखळलं. सगळा रस्ता वळून बघायला लागला.

ग्रिबल थांबले नाहीत, मानही वळवली नाही. फक्त सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा, लाटांवरून हुकूम देणाऱ्या आवाजात म्हणाले, "काठी मी आहे!"

म्हाताऱ्याने एकदा ग्रिबलांकडे पाहिलं, एकदा पाठीकडे, ओठ हलवत मनाशी काहीतरी जुळवलं, आणि सलाम ठोकला. विनीचं पाऊल पुन्हा तालात पडलं.

लाइम स्ट्रीटवर टेबलं मांडली होती. अंड्याची सँडविचेस, जेली, ट्रायफल, वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येक कागदी रुमालावर एकेक कप. बायका विनीभोवती जमल्या. कोणी चुणी उलगडून बघितली, कोणी शिवणीवरून बोट फिरवलं. "हे हाताने केलंस? आणि हे? इथं टाका दिसतच नाही गं." क्लॅरिसा दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा विचारलं, "मला शिकवाल का?" विनी उभ्या उभ्याच सगळ्यांना उत्तरं देत होती, या खांद्यावरून एकीला, त्या खांद्यावरून दुसरीला, आणि तिचा चहा गार होत होता.

ग्रिबल तिच्या उजवीकडे, दीड हातावर, तसेच उभे. एडनाने त्यांच्या हातात ताटली दिली, तिच्यावर दोन सॉसेज रोल.

"आता बसा की हो, मिस्टर ग्रिबल. मिरवणूक संपली."

"त्या बसल्या नाहीत अजून," ग्रिबल म्हणाले आणि ताटली डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने खायला लागले, डावं कोपर अंगाशी घट्ट धरून, चुणीला लागू नये म्हणून.